बंब उभा असतो ती जागा

मोजपट्टीचे टोक दिराच्या हाती देऊन ती उलट्या पावलांनी मागे सरकत गेली. बंबाच्या लाल नाकापासून मागच्या भिंतीपर्यंत पट्टी ताणली गेली आणि मधोमध थोडी झोळ पडली.

“ओढा वहिनी, नीट ओढा,” दीर म्हणाला. “झोळ राहिली तर आमचा एक पलंग कमी व्हायचा.”

बाकावर बसून बूट पुसणारे जवान हसले. शहराच्या ऐन मध्यात असलेल्या त्या अग्निशमन केंद्राचे छप्पर कित्येक वर्षे गळत होते. वरच्या झोपायच्या खोलीत पलंगांपेक्षा बादल्या जास्त, असे जवान म्हणत. दीर तिथे बंबावर ड्रायव्हर होता. आपली वहिनी महापालिकेच्या नगररचना विभागात आहे, ती स्वतः मापे घ्यायला येतेय म्हणजे आता दुरुस्ती होणारच, असे त्याने सगळ्यांना छाती फुगवून सांगून ठेवले होते. तिने त्याला तसे काही सांगितले नव्हते. मापे घ्यायची आहेत, एवढेच ती म्हणाली होती. बाकीचे त्याने मनानेच भरले आणि तिने ते खोडले नाही.

“मग काम कधी धरायचं?” चहाचा कप तिच्यासमोर ठेवत त्याने विचारले.

“बघू. ते वर ठरतं, भाऊजी.”

“वर म्हणजे तुम्हीच की!”

पुन्हा हशा पिकला. चहा गरम होता, तरी तिने तो घाईघाईने संपवला. जाताना केंद्रप्रमुख फाटकापर्यंत सोडायला आले, आणि न विसरता म्हणाले, “बाथरूमचंही तेवढं बघा, मॅडम.”

तिच्या कचेरीत मोठ्या टेबलावर शहराच्या मध्यभागाचा नकाशा पसरलेला असे. त्यावर महापालिकेच्या ज्या जागा पुरेशा वापरात नाहीत त्या पिवळ्या रंगवल्या होत्या. एक बंद पडलेले कोठार, निम्मी रिकामी असलेली कर कचेरी, दिवसभरात मोजक्याच गाड्या येणारा वाहनतळ. सगळ्या एकमेकींना खेटून. त्या जोडून तिथे कार्यालयांचे मोठे संकुल उभारायचे, हे काम साहेबांनी तिच्यावर सोपवले होते आणि तिने ते जीव ओतून केले होते. खोटे कशाला बोला, तिला ते पटलेही होते. लग्न होऊन ती ज्या भागात आली तो भाग तिच्या डोळ्यांदेखत ओस पडत चालला होता. एकेक दुकान बंद होत होते, संध्याकाळ झाली की रस्त्यावर चिटपाखरू नसे. हजारो माणसे रोज कामाला येऊ लागली तर या गल्ल्यांत पुन्हा जीव येईल, असे तिला मनापासून वाटे.

फक्त पिवळ्या चौकोनांच्या मधोमध एक चौकोन पांढरा राहिला होता. तो अग्निशमन केंद्राचा. तो वगळला तर बाकीच्या जागा जुळत नव्हत्या.

साहेबांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. तिची मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, आणि रजेचा अर्ज तिने न देताच मंजूर झाला होता. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ जड होते.

“दिवसातला किती वेळ जागा वापरात असते, हा आपला निकष,” साहेब शांतपणे म्हणाले. “कोठाराला तोच, वाहनतळाला तोच. मग केंद्राला वेगळा कसा लावायचा?”

“पण साहेब, बंब तयार उभा असणं, हाच त्याचा वापर आहे.”

साहेबांनी मान डोलावली. तिचे म्हणणे त्यांना खरोखर आवडलेले दिसले.

“छान बोललात. पण हे रकान्यात कसं बसवायचं?”

ती नकाशाकडे बघत राहिली. बंब केंद्राबाहेर असण्याचे तास तिच्याकडे होते. महिनाभराचे जमवले तरी ओंजळीत मावतील एवढेच.

“केंद्र बंद नाही करत आपण,” साहेब पुढे म्हणाले. “नदीपलीकडं, बाह्यवळण रस्त्याला नवीन देतोय. प्रशस्त जागा, नवं छप्पर, जवानांना राहायला घरं. तुमचे दीरच आहेत ना तिथं? खूश होतील.”

त्या दुपारी तिने पांढरा चौकोन पिवळा केला. रंग थोडा जास्तच गडद बसला, म्हणून तिने तो पुसून पुन्हा भरला.

दर शुक्रवारी दीर आणि जाऊ जेवायला येत. चौथ्या मजल्यावरचे ते घर मूळचे सासऱ्यांचे. थोरला म्हणून तिचा नवरा तिथे राहिला आणि सासूबाई त्याच्याजवळ. धाकट्याने केंद्रामागच्या वसाहतीत संसार मांडला. तरी शुक्रवार कधी चुकला नाही. त्या शुक्रवारी केंद्राच्या भिंतीवर स्थलांतराची सूचना लागली होती, हे तिला ठाऊक होते. भांड्यांचा आवाज करत ती स्वयंपाकघरातच रेंगाळत राहिली.

दीर आला तो नेहमीसारखाच. पुतणीला खांद्यावर घेतले, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, थोरल्या भावाला त्याच्या वर्गातल्या पोरांवरून चिडवले. जाऊ मात्र दारातूनच थेट सासूबाईंच्या खोलीत गेली आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आली नाही.

जेवण निम्मे झाले तेव्हा दीर म्हणाला, “वहिनी, मोजपट्टी मीच धरली होती ना?”

तो हसतच होता. तिने पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा ठेवला.

“भाऊजी, तेव्हा काही पक्कं नव्हतं.”

“नाही, नाही. मी आपलं विचारलं. केंद्रातली पोरं मला चिडवतात, की तूच माप काढून दिलंस.” त्याने घास घेतला. “नवं केंद्र झकास आहे म्हणतात. जाऊन आलो मी. मोठं अंगण आहे.”

“आणि इथलं काय?” सासूबाईंनी विचारले. “इकडं कोण येणार मग?”

“आम्हीच येणार, आई. पूल ओलांडून.”

 नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि मग ताटात मान घातली. तो मूळचाच मितभाषी, पण त्या दिवशी त्याचे गप्प बसणे तिला बोचले.

नव्या केंद्रातून मध्यभागात पोहोचायला किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष बंब चालवून बघायचे ठरले. रविवारी सकाळी करू, लोकांची गैरसोय नको, असे साहेब म्हणाले. त्यात वावगे काही नव्हते. ती बंबात दिराच्या शेजारी बसली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या उंच आसनावर चढली होती. त्याने हात देऊन तिला वर घेतले, पट्टा बांधायला लावला, आणि भोंगा सुरू केला.

पूल रिकामा होता. कठड्याला रेलून कुणी एक म्हातारा नदीत गळ टाकून बसला होता, त्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. एरवी ज्या चौकात पायी चालायला जागा नसे, तिथून बंब पाण्यातून होडी जावी तसा गेला. अरुंद गल्लीत वळून तिच्याच इमारतीसमोर, गाद्यांच्या दुकानापुढे तो थांबला. दुकान बंद होते. एरवी तिथे गाठोड्यांनी भरलेला टेम्पो उभा असे, समोर दुचाक्यांची रांग. आज रस्ता धुवून काढल्यासारखा मोकळा.

तिने वेळ लिहिली. ठरवून दिलेल्या मर्यादेत होती, थोडी कमीच.

दिराने इंजिन बंद केले. भोंगा थांबल्यावर गल्ली एकदम मोठी वाटू लागली.

“आज रविवार आहे, वहिनी.”

“हो.”

“नाही, लिहा तुम्ही. वेळ बरोबर आहे.”

तो काचेतून वर बघत होता. तिच्याच खिडक्यांकडे. तिने कागदावर पुन्हा नजर टाकली. त्यावर अंतर होते, वेळ होती, बंबाचा क्रमांक होता. वाराला रकाना नव्हता.

जाहीर सुनावणी कर कचेरीच्या सभागृहात झाली. ज्यांची घरे आणि दुकाने त्या भागात उरली होती ते सगळे आले होते. सुरुवातीला बरीच तोंडातोंडी झाली. वाहनतळ गेल्यावर गाड्या कुठे लावायच्या, बांधकामाची धूळ कोण खाणार, इथपासून ते महापालिकेने आजवर एक तरी शब्द पाळला का, इथपर्यंत. साहेब सगळ्यांचे ऐकून घेत होते. मधेच कुणाला पाणी नेऊन देत होते.

तेवढ्यात मागून शिवणाच्या काकू उठल्या. तिच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, दिवसभर शिलाई मशीन चालवणाऱ्या काकू. चारचौघांत बोलायची सवय नसल्याने त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“आमच्या खाली गाद्यांचं दुकान आहे,” त्या म्हणाल्या. “जिना लाकडी आहे, आणि तारा कशा लोंबतायत ते सगळे बघतातच. बंब इथं जवळ आहे म्हणून आजवर डोळा लागायचा. तो नदीपलीकडं गेला तर कसं व्हायचं? मॅडम, तुम्ही तर आमच्या वरच राहता. तुम्हाला भीती नाही वाटत?”

 साहेबांनी माईक अलगद तिच्याकडे सरकवला.

 ती उभी राहिली, आणि आवाज निघाला तो तिच्या अपेक्षेपेक्षा ठाम निघाला.

“काकू, मी तिथंच राहते. माझे यजमान, माझी मुलगी, माझ्या सासूबाई, आम्ही सगळे तिथंच राहतो. आणि तिथंच राहणार आहोत. बंब प्रत्यक्ष चालवून बघितलाय आम्ही, मी स्वतः त्यात बसले होते. ठरलेल्या वेळात पोहोचतो तो.”

कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. काकू खाली बसल्या. पुढचे प्रश्न धुळीचे आणि पाण्याचेच आले. निघताना साहेब म्हणाले, “आज सगळं तुम्हीच निभावलंत. आम्ही कितीही आकडे दिले असते तरी हे जमलं नसतं.”

दाराशी काकू थांबल्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“तू आहेस म्हणून बरं, बाई. तू तुझ्या लेकराला जिथं ठेवशील तिथं आम्हालाही काही व्हायचं नाही.”

घरी येईपर्यंत तो हात तिला पाठीवर जाणवत राहिला. भीती वाटते का, असे काकूंनी विचारले होते. आपण त्याचे उत्तर दिलेच नाही, हे जिना चढताना तिच्या लक्षात आले. पायऱ्यांवर गादीच्या दुकानातला कापूस साचला होता. तो रोजच असे. मीटरच्या पेटीजवळ ती क्षणभर उभी राहिली. पेटीतून बारीक गुणगुण ऐकू येत होती. तीही रोजचीच असावी. तिने पूर्वी कधी ऐकली नव्हती एवढेच.

मंजुरी अपेक्षेपेक्षा लवकर आली. केंद्राचे सामान हलू लागले. वसाहतीतल्या घरांना कुलपे लागली, आणि फाटकासमोर पत्र्याचे उंच कुंपण उभे राहिले. ती रोज कचेरीत जाताना त्याच्या कडेने जाई. पहिल्या आठवड्यात पत्र्यांच्या फटीतून बंबाची रिकामी जागा दिसायची, जमिनीवर तेलाचा काळा डाग. नंतर फटीही बुजवल्या.

नव्या जागी राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, दीर आणि जाऊ आले. दिराच्या खांद्यावर अवजारांची पिशवी होती. जेवायला बसा म्हटले तर तो नको म्हणाला.

“मागच्या खोलीची खिडकी जरा बघायचीय.”

“काय झालंय तिला?” नवऱ्याने विचारले.

“काही नाही. जाता जाता करून टाकतो.”

त्या खिडकीला लोखंडी जाळी होती, भिंतीत पक्की बसवलेली. दुपारभर तो ती कापत राहिला. ठिणग्या उडत होत्या आणि मुलगी कानांवर हात ठेवून दारातून बघत होती. जाळी निघाल्यावर त्याने एका बाजूला बिजागऱ्या लावल्या, दुसरीकडे आतून उघडणारी कडी. मग भिंतीत दोन जाड हूक ठोकले आणि पिशवीतून दोराची शिडी काढून त्यांना अडकवली.

“इकडं ये,” त्याने पुतणीला हाक मारली. “ही कडी काढून दाखव.”

तिने काढली. “आता डोळे मिटून काढ.” तिने तशीही काढली, आणि हा कसला खेळ म्हणून हसली. मग त्याने भावाला करायला लावले, मग वहिनीला. सगळे तो सांगेल तसे करत गेले. का, हे कुणी विचारले नाही.

“आई, आता तू.”

सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या. कडी त्यांनी काढली. पण मांडीएवढ्या उंच खिडकीच्या कठड्यावर पाय टाकायचा म्हटल्यावर गुडघा वर येईना. दिराने त्यांना कमरेला धरून उचलायचा प्रयत्न केला.

“अरे सोड, सोड मला! या वयात काय माकडासारखी लोंबकळू होय?” त्या हसू लागल्या. मुलगीही हसली.

दिराने त्यांना हळूच खाली ठेवले. तो खिडकीबाहेर वाकून खाली बघत उभा राहिला. खाली गाद्यांच्या गाठोड्यांचा टेम्पो होता, दुचाक्या होत्या, हातगाडी होती, आणि त्यांच्यामधून माणसे अंग चोरत चालली होती.  वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

“आई, थोडे दिवस आमच्याकडं चल.”

“मी? थोरल्याला सोडून मी कधी कुठं राहिलेय का?”

“राहशील. अंगण आहे मोठं.”

सासूबाईंनी थोरल्या मुलाकडे पाहिले. तो खिडकीच्या नव्या कडीकडे बघत होता.

तेव्हा जाऊ बोलली. इतक्या आठवड्यांत ती या घरात सासूबाईंखेरीज कुणाशी बोलली नव्हती, आणि आत्ताही तिने वहिनीकडे पाहिले नाही.

“आमची खोली तळमजल्याला आहे, आई.”

सासूबाईंचे हसू हळूहळू मावळले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि मग काही न बोलता आपल्या खोलीत जाऊन कपाट उघडले.

बॅग भरायला ती त्यांच्या मदतीला गेली. शाली, औषधे, चष्म्याची डबी. सासूबाई पलंगावर बसून काय काय हवे ते सांगत होत्या, मधेच विसरत होत्या. सगळे भरून झाल्यावरही बॅगेत अर्धी जागा शिल्लक होती. ती उघड्या बॅगेपुढे थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर जाऊन मुलीच्या कपाटातून तिचे कपडे घेऊन आली. रात्रीचे, शाळेचे, थंडीचे. घड्या मोडू नयेत म्हणून तिने ते सावकाश, एकावर एक रचले.

सासूबाई ते बघत होत्या. 

ती मान वर करते तो दारात नवरा उभा. तोही बघतच होता. कपड्यांकडे, मग तिच्याकडे. आज तरी हा काही बोलेल असे तिला वाटले. बोलला असता तर कदाचित तिने ते कपडे परत नेऊन ठेवलेही असते. तो गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात मुलीचे दप्तर आणि बूट होते.

“भाऊजी,” ती बाहेर येऊन म्हणाली, “हिलाही न्याल?”

दिराने तिच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग असता तर तिला बरे वाटले असते.

“नेतो, वहिनी.”

सगळे मिळून खाली निघाले. पुढे दीर बॅग घेऊन, त्याच्यामागे जावेच्या आधाराने एकेक पायरी उतरणाऱ्या सासूबाई, मग नवरा, आणि शेवटी ती, मुलीचा हात धरून. दुसऱ्या मजल्यावर काकूंचे दार नेहमीप्रमाणे सताड उघडे होते. मशीनचा खडखड आवाज थांबला आणि दोऱ्याचे तुकडे झटकत काकू बाहेर आल्या.

“अगबाई, आजी निघाल्या! धाकट्याकडं का?”

“हो, जरा हवापालट,” ती म्हणाली.

“बरं झालं, बरं झालं. आणि या बाईसाहेब आजीला पोहोचवायला?”

“नाही, मी पण राहायला चाललेय,” मुलगी म्हणाली. “काकांकडं.”

“राहायला?” काकू हसल्या. “मग शाळा गं?”

मुलीने आईकडे पाहिले. सांगण्यासारखे आईला बरेच काही सुचत होते. आजीला करमणार नाही, चारच दिवसांचा प्रश्न आहे, शाळेची बस तिकडेही जाते. यातले एकही तोंडातून फुटेना.

काकूंचे हसू ओठांवर तसेच राहिले. त्यांची नजर बापाच्या खांद्यावरच्या दप्तरावर गेली, मग दिराच्या हातातल्या फुगलेल्या बॅगेवर, आणि तिथून तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. तिने मुलीचा हात घट्ट धरला आणि पुढची पायरी उतरली.

पाठीमागे काकू दारातच उभ्या असल्याचे तिला कळत होते. मग त्यांनी आत वळून आपल्या नवऱ्याला हाक मारलेली ऐकू आली.

“अहो, हातातलं राहू द्या आता. जरा बाहेर या. ही लेकराला नदीपलीकडं ठेवायला चाललीय.”